मॅच चारची, पंगत साडेबाराची

कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध शिवाजी अशी फुटबॉल मॅच लागली आणि ती रविवारी आली, की आमच्या परड्यात, म्हणजे घरामागच्या अंगणात, पंगत ठरलेली. मॅच चारची, पंगत साडेबाराची. चाळीसएक माणसं जेवतात. या हंगामात दोन-तीन मंडळांच्या पोरांनी विचारलं, "दादा, आमच्या गल्लीत पण असं करायचंय, कसं करायचं ते सांगा की." फोनवर सांगताना निम्मं राहून जातं, म्हणून इथं सविस्तर लिहितोय.

कोल्हापूरबाहेरून वाचणाऱ्यांसाठी आधी थोडं. इथला फुटबॉल पेठांचा आणि तालमींचा आहे. ज्या तालमीच्या तांबड्या मातीत आज्ज्या-पणज्यानं कुस्ती केली, तिच्याच नावाचा संघ आज मैदानात उतरतो. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा ही सगळी तालमींची नावं. त्यांच्या जोडीला शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, फुलेवाडी. के.एस.ए.ची, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची, लीग झाली की चषकांच्या स्पर्धा लागतात आणि ऐन उन्हाळ्यात भर उन्हात गॅलरी भरते. २०१७ मध्ये भारतात सतरा वर्षांखालचा वर्ल्ड कप झाला, तेव्हा भारताच्या संघातून आपला अनिकेत जाधव खेळला. त्या दिवसापासून आमच्या गल्लीतल्या आयांनी पोरांना "बॉल सोड, अभ्यास कर" म्हणायचं जरा कमी केलं.

माझं घर मंगळवार पेठेत, म्हणून मी पाटाकडीलचा. माझी आक्का दिली शिवाजी पेठेत, म्हणून दाजी शिवाजीचे. सणाला आम्ही एका ताटात जेवतो आणि मॅचला समोरासमोरच्या गॅलरीत बसतो. या पंगतीचा पहिला नियम तिथूनच आला: दोन्ही संघांची माणसं बोलवायची. पेठेपुरती पंगत करायची असेल तर ती कुणीही करतं, आणि तिच्यातनं चुकीची हवा तयार होते. तीसभर पोरं एकाच रंगाची, पोट भरलेलं, तोंडात एकच घोषणा, आणि तशीच घोळक्यानं स्टेडियमकडं निघालेली. पुढं काय होतं ते आपण सगळ्यांनी बघितलंय. काही वर्षांमागं एका मॅचनंतर दोन घोळके गल्लीच्या तोंडाला भिडले. आधी बाटल्या, मग दगड. एका पोराचं कपाळ फुटलं. दोन्ही बाजूंची पोरं माझ्या ओळखीची होती, काही तर एकाच शाळेत एका बाकावर बसलेली. सी.पी.आर. रुग्णालयाच्या आवारात त्या पोराची आई आणि समोरच्या पोराची आई शेजारी-शेजारी उभ्या होत्या. तिथंच दाजी मला म्हणाले, "पुढच्या मॅचला तुझ्या परड्यात जेवण करू. माझी पोरं मी घेऊन येतो."

तेव्हापासून वाढायची पद्धत अशी आहे. शिवाजीची पोरं पाटाकडीलच्या पोरांना वाढतात आणि पाटाकडीलची पोरं शिवाजीच्या. तांबडा रस्सा दाजी वाढतात, पांढरा मी. सतरंजीवर एकाआड एक बसायचं, घोळका करून बसायचं नाही. घोषणा परड्यात चालत नाहीत, चेष्टा चालते, पण आई-बहिणीवर गेलेली नाही. तीन वाजता सगळे एकत्र चालत स्टेडियमपर्यंत जातात आणि गेटातनं आत गेल्यावर ज्याची त्याची गॅलरी. ज्यानं दुपारी आपल्या पानात भाकरी वाढली, तो समोर बसलेला दिसत असताना दगड उचलायला हात होत नाही. हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय आणि म्हणून एवढ्या आग्रहानं सांगतोय.

माझा एक मावसभाऊ अमेरिकेत विस्कॉन्सिनला असतो, ग्रीन बेजवळ. तिकडचा फुटबॉल वेगळा, लांबट बॉल हातात घेऊन पळायचा. पण मॅचआधी जेवायची रीत आपल्यासारखीच. स्टेडियमच्या पार्किंगमध्ये लोक काही तास आधी गाड्या लावतात, मागचं झाकण उघडतात, शेगडी पेटवतात आणि ओळखी-अनोळखीला बोलावून खाऊ घालतात. टेलगेट पार्टी म्हणतात त्याला. ग्रीन बेला कडाक्याच्या थंडीतसुद्धा शेगडीवर सॉसेज भाजत उभी असतात माणसं. त्यानं व्हिडिओ कॉलवर सगळं फिरून दाखवलं, तेव्हा मी खाण्यापेक्षा त्यांची व्यवस्था बघत होतो. जळता कोळसा टाकायला वेगळी पिंपं ठेवलेली. परत जाताना गाडी कोण चालवणार ते सकाळीच ठरलेलं, आणि तो माणूस दिवसभर बिअरला हात लावत नाही. मांस शिजलं का, ते बघायला थर्मामीटर. यातलं आपल्याला लागेल ते मी उचललं.

आता जेवणाचं. मटण सकाळी सातला घरात यायला पाहिजे. चाळीस माणसांना आठ किलो, हाडासकट. आदल्या रात्री आणून ठेवायचं नाही, कारण आठ किलो मटण मावेल आणि आतपर्यंत गार होईल असा फ्रीज घरात नसतो. शिजवताना आलं-लसूण-मीठ लावून, हळदीला हात आखडता ठेवून भरपूर पाण्यात शिजवायचं, कारण त्यातलंच अळणी, म्हणजे मटण शिजलेलं पाणी, पुढं पांढऱ्याला लागतं. लहान पोरांना अकरा वाजता वाटी-वाटी अळणी आणि भात देऊन मोकळं करतो. भुकेलं पोर चुलीच्या आसपास घोटाळतं आणि तिथंच भाजतं.

पांढरा आमची आई करते, आणि तिथं ती कुणाला मधे येऊ देत नाही. खसखस, तीळ आणि काजू भिजवून गंधासारखं बारीक वाटायचं. तुपात लवंग, दालचिनी, वेलदोडे, मिरी टाकून त्यावर वाटण परतायचं, मग अळणी. नारळाचं दूध सगळ्यात शेवटी, बाराच्या पुढं, पानं मांडायला घेतल्यावर. जाळ बारीक, पळी सारखी फिरती. कडेनं बुडबुडे दिसायला लागले की गॅस बंद, खळखळून उकळला की रस्सा फुटला. हे जसं चवीसाठी तसं पोटासाठीही. एप्रिल-मेच्या उन्हात नारळाचं दूध घातलेला रस्सा लवकर आंबतो. सकाळी नऊला करून झाकून ठेवला आणि दोनला वाढला, तर चाळीस माणसांची संध्याकाळ गॅलरीऐवजी दुसरीकडंच जाईल.

तांबडा टिकायला जरा बरा, तरी नियम दोन्हींना एकच. ४ ते ६० अंश सेल्सिअस या टप्प्यात जंतू झपाट्यानं वाढतात. म्हणून गरम ते वाफाळतं आणि गार ते बर्फात, मधलं कोमट काही ठेवायचं नाही. शिजलेलं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एक तासच. आपल्याकडं मॅचच्या दिवसांत दुपारी ३२ केव्हाच ओलांडलेले असतात, तेव्हा तास हाच हिशेब. पातेलं बारीक गॅसवरच ठेवायचं आणि वाढायला लहान डेचकीत काढून घ्यायचं, संपलं की परत काढायचं. उरलेला रस्सा डब्यात घालून कुणाच्या घरी पाठवायची आपली सवय चांगली आहे, पण तो पंगत उठल्या-उठल्या पाठवायचा, मॅच बघून आल्यावर नाही.

पोरांना तंदुरीची हौस असते. थर्मामीटर खरा तिथं लागतो. रस्सा तासभर उकळलेला असतो, पण शेगडीवरची कोंबडी वरून काळी आणि हाडाजवळ गुलाबी राहते. सगळ्यात जाड तुकड्यात, हाडाला न टेकवता सळई खुपसायची. ७४ अंश दिसले तर ताटात, नाहीतर परत जाळावर. कच्च्या कोंबडीचं ताट आणि भाजलेल्या कोंबडीचं ताट वेगळं, चिमटाही वेगळा. घाईत पोरं त्याच ताटात भाजलेलं काढून घेतात, म्हणून मी कच्चं ताट लगेच मोरीत नेऊन ठेवायला लावतो.

रविवार असला तरी चतुर्थी-एकादशी असते, कुणाची माळ असते, कुणी मुळातच खात नाही. त्यांच्यासाठी अख्खा मसूर, वेगळ्या शेगडीवर, वेगळ्या पळीनं, आणि वाढणारा माणूसही वेगळा. जो मटणाची पळी धरतो तो मसुराला हात लावत नाही. न खाणाऱ्याला मोकळ्या मनानं जेवता आलं पाहिजे, सारखं पळीकडं बघत बसायला लागू नये. भाकरीला गल्लीतल्या दोन मावश्यांना सांगतो. त्यांना ठरलेले पैसे सकाळीच देतो, आणि त्या पहिल्या पंगतीला बसतात.

जाळाबद्दल मी कडक आहे. माझं उद्यमनगरात लेथचं वर्कशॉप आहे, आग आणि तापलेलं लोखंड रोजचंच. एल.पी.जी. हवेपेक्षा जड असतो, गळला की वर जात नाही, जमिनीलगत पसरतो आणि गटारीत, खड्ड्यात साचतो. म्हणून सिलिंडर गटारीच्या झाकणापासून लांब, उभाच ठेवायचा, आडवा कधीही नाही. नळी चिरलेली, कडक झालेली किंवा मुदत संपलेली दिसली तर त्या दिवशी गॅस बंद. जोडणीवर साबणाचा फेस लावून बघायचा, बुडबुडे आले म्हणजे गळती. गळतीसाठी १९०६ हा नंबर भिंतीवर खडूनं लिहिलेला असतो, खाली १०८ आणि ११२. शेजारच्या फाउंड्रीतनं आणलेल्या वाळूच्या दोन बादल्या शेगडीच्या दोन्ही अंगाला असतात, आणि तेलानं पेट घेतला तर पाणी मारायचं नाही हे प्रत्येकाला तोंडी सांगतो. पातेल्यावर झाकण टाकायचं, गॅस बंद करायचा, सांडलेल्यावर वाळू.

आणि जर्सी. हे कुठं लिहिलेलं मी वाचलं नाही, पण माझ्यासाठी हा सगळ्यात महत्त्वाचा नियम आहे. पोरं सकाळपासून संघाची जर्सी घालून येतात. ती पॉलिएस्टरची असते. सुती कापडाला ठिणगी लागली तर भोक पडतं, पॉलिएस्टर वितळतं आणि कातडीला चिकटतं. वर्कशॉपमध्ये तसल्या कापडाला मी वेल्डिंगजवळ फिरकू देत नाही, तर पातेल्याजवळ कसं देईन? म्हणून शेगडीवर असणाऱ्यानं जुना सुती सदरा घालायचा, जर्सी पंगत उठल्यावर. दाराजवळ खुंटीवर जर्स्या ओळीनं टांगलेल्या असतात, दोन्ही संघांच्या.

फटाके परड्यात नाहीत आणि गल्लीतही नाहीत. दोन सिलिंडर पेटते असताना कुणाच्या खिशात सुतळी बॉम्ब सापडला तर तो पाण्याच्या बादलीत जातो, मग तो कुणाचाही असो. दारूचंही तसंच. पिऊन आलेल्याला जेवायला घालतो, कारण उपाशी परत पाठवणं आमच्या घरात बसत नाही. पण तो मॅचला जात नाही, आमच्या सोप्यात झोपतो आणि त्याच्या गाडीची किल्ली आईच्या कनवटीला. एकदा हे सगळ्यांना कळलं की फारसं कुणी पिऊन येत नाही.

आवाजाबद्दल शेजाऱ्यांशी आधी बोलून घ्यावं. आमच्याकडं हलगी असते, डी.जे. नसतो. पलीकडच्या घरात एक आजी अंथरुणाला खिळलेल्या आहेत, त्यांची झोपायची वेळ दोन ते तीन, तेवढा वेळ हलगीही बंद. २०२२ च्या १८ डिसेंबरला, अर्जेंटिना-फ्रान्स फायनलच्या रात्री, आम्ही गल्लीत पडदा लावला होता. मॅच साडेआठला सुरू झाली. रात्री दहानंतर लाऊडस्पीकर चालत नाही, म्हणून दहाला स्पीकर काढला. अर्जेंटिना दोन-शून्यनं पुढं, सगळ्यांना वाटत होतं आता संपलीच. आणि त्यानंतर एम्बापेनं दोन मिनिटांत दोन गोल मारले. पडदा मुका, समालोचन नाही, फक्त माणसांचा आवाज. मेस्सीनं मारलेला अर्जेंटिनाचा तिसरा, मग एम्बापेचा तिसरा, तीन-तीन, मग पेनल्टीवर अर्जेंटिना चार-दोन. स्पीकरची उणीव कुणालाच भासली नाही. तेव्हापासून कुणी डी.जे.चा विषय काढला की मी त्या रात्रीची आठवण देतो.

गाड्यांसाठी एकच गोष्ट: गल्लीत लावायच्या नाहीत. आपल्या पेठांतल्या गल्ल्या अरुंद. दोन्ही बाजूंना मोटारसायकली लागल्या की अँब्युलन्स वळत नाही, अग्निशमनचा बंब तर तोंडालाच अडकतो. लांबून येणाऱ्यांनी गाडी बाहेर लावून चालत यावं. मांडवही रस्त्यावर घालायचा नाही, परड्यात मावतील तेवढीच माणसं बोलवावीत.

चाळीसांचं जेवण नीट पार पडलं तरी खरी काळजी गेटवरची. १ ऑक्टोबर २०२२ ला इंडोनेशियात मलंगच्या कंजुरुहान स्टेडियमवर मॅच संपल्यावर अश्रुधूर सुटला, लोक बाहेर पडायला एकाच वेळी दारांकडं धावले आणि १३५ माणसं गेली. ४ जून २०२५ ला आपल्या शेजारी बेंगळुरूत चिन्नास्वामी स्टेडियमच्या गेटवर चेंगराचेंगरीत ११ जण गेले, आणि तिथं तर विजयाचा आनंद साजरा करायला गेलेली पोरं होती. दोन्ही ठिकाणी माणसं चेंगरली ती दारात. म्हणून आम्ही मॅचच्या तासभर आधी जातो, म्हणजे आत शिरताना रेटारेटी नाही. संपल्यावर दहा-पंधरा मिनिटं जागेवरच बसून राहतो आणि गर्दी ओसरली की उठतो. लहान पोरांच्या मनगटावर बापाचा मोबाइल नंबर बॉलपेननं लिहितो. चुकामूक झाली तर भेटायची जागा आधीच ठरवतो आणि ती गेटापासून लांबची असते. गर्दीत चप्पल निसटली तर वाकायचं नाही, हे पोरांकडनं तीनदा म्हणवून घेतो.

उन्हाचंही बघावं लागतं. मटणावर पोट भरलेलं, डोक्यावर चारचं ऊन आणि गॅलरीत ओरडणं, यानं धडधाकट माणसाला भोवळ येते. जेवणात कोकम सरबत देतो. स्टेडियमला निघताना प्रत्येक चार-पाच जणांत एक बाटली साखर-मिठाच्या पाण्याची: एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, छोट्या चमच्यानं. मीठ हात सैल सोडून घालायचं नाही, मोजूनच. टोपी सगळ्यांना. कुणाचं अंग तापलं, घाम थांबला आणि बोलणं असंबद्ध झालं, तर लिंबूपाणी पाजत बसायचं नाही. सावलीत नेऊन ओल्या फडक्यानं अंग पुसायचं आणि १०८ ला फोन करायचा.

मॅच संपल्यावर दोन्हीकडची माणसं परत परड्यात येतात. भांडी दोन्ही संघांची पोरं मिळून घासतात, तोवर चहा उकळतो. हरलेल्यांना पहिला कप, हा नियम दाजींनी घातलाय, आणि त्यांनी तो शिवाजी जिंकलेल्या दिवशी घातला. शेगडीतला कोळसा मी स्वतः पाणी ओतून, पत्र्याच्या डब्यात सकाळपर्यंत ठेवतो, आणि हात लावून गार झाल्याची खात्री केल्यावरच टाकतो. कचराकुंडीत निखारा गेला तर रात्री उशिरा पेट घेतो.

पुढची पाटाकडील-शिवाजी मॅच रविवारी लागली की पंगत आहेच. कुणाला आधी येऊन बघायचं असेल, आपल्या गल्लीत करण्याआधी हाताखाली काम करून शिकायचं असेल, तर सकाळी सातला सुती सदरा घालून या. जेवायला येणार असाल तर शुक्रवार संध्याकाळपर्यंत सांगा, मटणाचा हिशेब त्यावर असतो. न खाणारे किती तेही सांगा, म्हणजे मसूर रात्री भिजत घालता येतील. आणि येताना समोरच्या संघाचा एक तरी मित्र बरोबर आणा.